वेल्डिंग मशीनच्या आधी टेबल

गळीत हंगामाच्या तोंडावर कराडहून तासगावकडे किंवा साताऱ्याहून कोरेगावकडे निघा. रस्त्याकडेच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांपुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लागलेल्या असतात. कुणाचा हुक गेलाय, कुणाच्या चासीला तडा आहे, कुणाला नवा फाळका बसवायचाय. कारागीर जमिनीवर उकिडवा बसलेला, एका हातात होल्डर, दुसऱ्या हातात काच. त्याला टेबल लागत नाही. पंधरा-वीस वर्षं लोखंडाशी खेळलेला माणूस तो. चौकट कुठल्या अंगाला ओढणार हे त्याला टाका मारायच्या आधीच कळतं, आणि तिथं तो दोन सूत उलटं धरूनच सुरुवात करतो.

घरी वेल्डिंग शिकू पाहणारा हेच बघत मोठा झालेला असतो. इन्व्हर्टर मशीन आता बऱ्या मोबाइलपेक्षा स्वस्त झालंय. गेटची बिजागरी, कुळवाची पास, शेळ्यांच्या गोठ्याची जाळी, द्राक्षबागेतला मोडलेला अँगल अशी घरगुती कामं पडलेलीच असतात. मशीन येतं, रॉडचं पाकीट येतं, आणि गडी अंगणात उकिडवा बसतो. पहिली चौकट वाकडी होते, दुसरीही होते. मग दोष मशीनला, रॉडला, नाहीतर महावितरणच्या व्होल्टेजला. खरा दोष बहुतेक वेळा खाली असतो: ज्यावर चौकट ठेवली तीच जागा सपाट नसते, आणि चौकट तिथं आवळून धरायची सोयही नसते. माझं मत सरळ आहे. नवशिक्याची पहिली खरेदी टेबलाच्या सामानाची असावी, मशीनची नंतर.

वेल्डिंग केल्यावर लोखंड का वाकतं, हे एकदा समजून घेतलं की टेबलाची गरज पटते. आर्कची उष्णता पाच-सहा हजार अंश सेल्सिअसची, आणि लोखंड वितळतं साधारण दीड हजार अंशांना. सांध्याजवळचा चिमूटभर भाग तापून फुगू पाहतो. पण त्याच्या आजूबाजूचं थंड लोखंड त्याला फुगू देत नाही. जागा नाही म्हणून तो मऊ झालेला भाग आतल्या आत दाबला जातो, जाड होतो. थंड होताना मात्र तो आकसतोच, आणि आकसताना दोन्ही बाजूंचं लोखंड आपल्याकडे ओढतो. म्हणजे प्रत्येक शिवण थंड होताना सांधा आपल्या अंगाला खेचते. कोपरा नव्वद अंशांचा धरला आणि एकाच बाजूनं भरून काढला, तर तो एखाद्या अंशानं सहज मिटतो. एक अंश म्हणजे काहीच नाही असं वाटेल. मीटरभर लांबीच्या टोकाला तोच एक अंश साडेसतरा मिलिमीटर होऊन उभा राहतो. गेटची कडी लागत नाही ती यामुळे.

ही ओढ थांबवता येत नाही; तिला आवर घालता येतो. चौकट जाड, सपाट प्लेटवर क्लॅम्पनं आवळली, आधी चारही कोपऱ्यांना बारीक टाके मारले, गुण्यानं आणि कर्णांनी तपासलं, मग समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून भरले आणि सगळं हाताला गार लागेपर्यंत क्लॅम्प काढले नाहीत, तर वाकण्यातलं बरंचसं तिथंच जिरतं. आता हे चार क्लॅम्प अंगणात कशाला लावणार?

जमिनीचे आणखीही दुर्गुण आहेत. कोब्यावर किंवा काँक्रीटवर थेट वेल्डिंग केलं की आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि कपची ताडकन उडते, कधी थेट तोंडाकडे. शहाबादी फरशीला तडे जातात. लाकडी बाकाबद्दल बोलायलाच नको. काही जण डिझेलच्या रिकाम्या पिंपावर प्लेट टाकून काम करतात. हा प्रकार मी पाहिला की लांब उभा राहतो. रिकामं पिंप रिकामं नसतं, त्यात वाफ असते. झाकण बंद असो वा उघडं, इंधनाचं पिंप वेल्डिंगच्या आसपाससुद्धा ठेवू नये.

टेबलाचा जीव प्लेटमध्ये. लोखंडाच्या प्लेटचं वजन काढायची रीत भंगारवाल्यापासून इंजिनिअरपर्यंत सगळे एकच वापरतात: एक चौरस मीटर, एक एमएम जाड, ७.८५ किलो. तीन फूट बाय दोन फुटांची १० एमएमची प्लेट या हिशेबानं ४४ किलोच्या आसपास भरते. तीच ६ एमएमची घेतली तर २६ किलो. पैसे वाचले म्हणून ६ एमएम घ्यायचा मोह होतो, पण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १० एमएमची प्लेट ६ एमएमच्या साडेचार पटींहून जास्त ताठ असते, वजनाला मात्र पावणेदोन पटींच्याही आत. घरच्या कामाला ८ एमएम चालते. १० असली तर पुढची वीस वर्षं बघायला नको. १२ आणि त्यापुढच्या प्लेटा मला घरासाठी हौस वाटतात. लांबी-रुंदीचीही हाव नको. तीन बाय दोन फुटांत शिकण्याची सगळी कामं बसतात, आणि मोठं गेट करायचंच झालं तर तेवढ्याच उंचीचे दोन सुटे घोडे शेजारी उभे करता येतात.

नवी प्लेट कापून आणण्याआधी मिरज, कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीच्या आसपासच्या भंगारवाल्यांकडे फेरी मारावी. प्रोफाइल कटिंग करणाऱ्यांकडे उरलेले तुकडे असतात, किलोवर मिळतात. घेताना डोळे उघडे ठेवायचे. गॅसनं कापलेला तुकडा कापतानाच्या उष्णतेनं धनुकलीसारखा वाकलेला असू शकतो. सरळ पट्टी उभी धरून खालून उजेड कुठं येतो ते पाहायचं. जाळीदार नक्षीची चेकर्ड प्लेट टेबलाला निरुपयोगी. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा अँगल वरच्या अंगाला नकोच, त्याचं कारण पुढे येईल. आणि ऐरणीला म्हणून कुणी रेल्वेच्या रुळाचा तुकडा देऊ लागला, तर पावती मागा. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणं हा १९६६च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि भंगारात मिळाला हे उत्तर तिथं चालत नाही.

आता खरी गंमत. सपाट टेबल करायला आधी सपाट जागा लागते. ती नाही म्हणून तर टेबल करतोय. हा पेच जुना आहे. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४० साली ग्लासगोच्या परिषदेत त्याचं उत्तर मांडलं. दोन प्लेटा एकमेकींवर घासत बसलात तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही त्या बेमालूम जुळतात, म्हणून त्यावर भरवसा नाही. तीन प्लेटा घ्या, जोड्या फिरवत एकमेकींशी ताडून उंचवटे खरवडत जा. तिन्ही जेव्हा तिन्हींशी जुळतील तेव्हा त्यांना सपाट असण्यावाचून गत्यंतरच नसतं. यंत्रशाळेतली सरफेस प्लेट या युक्तीतून आली.

आपल्याकडे सातारा-सांगलीचा हा भाग नांगरांच्या कारखान्यांचा. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. ती आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात येते. सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा राहिला. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, हे आता साताऱ्यातसुद्धा फार जणांना ठाऊक नाही. एकाच मापाचे सुटे भाग शेकड्यांनी काढायचे तर कारखान्यात कुठंतरी एक भरवशाची सपाट जागा लागतेच; मापं तिथून सुरू होतात. घरच्या टेबलाचं कामही तेच, फक्त बारीकसारीक फरक सोसून घेणारं.

घरच्या घरी व्हिटवर्थची खरवड कुणी करायला सांगत नाही. आपल्याला दोरा पुरतो. सांगाड्यासाठी ५० बाय ५० बाय ६चा अँगल घ्यावा, मीटरला साडेचार किलो. पट्ट्या कापून चौकट मांडायची, कोपऱ्यांना फक्त टाके मारायचे आणि दोन्ही कर्ण टेपनं मोजायचे. ते सारखे आले की चौकट गुण्यात आहे. पण गुण्यात असलेली चौकटही पिळलेली असू शकते, म्हणजे एक कोपरा वर, बाकीचे खाली, आणि टेप हे सांगत नाही. इथं गवंड्याचा बारीक नायलॉनचा दोरा काढायचा. चारही कोपऱ्यांवर सारख्या जाडीची एकेक नट ठेवायची आणि नटांवरून दोन दोरे कर्णांवर ताणून बांधायचे. मध्यभागी ते एकमेकांना जेमतेम शिवले पाहिजेत. वरचा दोरा खालच्याला दाबत असेल, तर क्रम बदलून पाहायचा: वरचा खाली, खालचा वर. आता मध्ये फट दिसेल. ती फट म्हणजेच पीळ. ती सूतभर असली तरी टाका तोडायचा, कोपरा उचलायचा, पुन्हा टाका, पुन्हा दोरा. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यातच वेल्डिंगचं निम्मं शिक्षण आहे. पीळ निघाल्याची खात्री झाली की मगच शिवणी भरायच्या, तेही समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडं थोडं. टेबलाखालच्या शिवणी देखण्या नसल्या तरी कुणी बघायला येत नाही, म्हणून नवशिक्यानं हे पहिलं काम स्वतःच करावं असं मला वाटतं.

पायांना ५० एमएमचा चौकोनी पाईप चांगला. प्रत्येक पायाच्या तळाला १६ एमएमची नट वेल्ड करून तिच्यात बोल्ट उलटा फिरवला की अंगण कसंही असो, पाय खालीवर करता येतात. पाणसळ लावून टेबल बरोबर पातळीत आणायचा अट्टहास मात्र करू नये. टेबल डुगडुगता कामा नये आणि प्लेट पिळता कामा नये. घरच्या कामाला ते एखाद्या अंशानं कललेलं असलं तर बिघडत नाही. उंची ठरवताना उभं राहून कोपर मोडायचं आणि त्याच्या चार बोटं ते वीतभर खाली प्लेट आणायची. आपल्याकडच्या बहुतेक माणसांना ३३ ते ३६ इंच बसते.

प्लेट सांगाड्यावर बसवताना नवशिका हमखास सगळी कड वेल्ड करून टाकतो. मघाशी सांगितलेली ओढ इथंही लागू आहे: खालून भरगच्च शिवण घातली की दहा एमएमची प्लेटसुद्धा वाकते, आणि केलेली सगळी मेहनत पाण्यात. प्लेट काउंटरसंक बोल्टनं धरावी. ते जमत नसेल तर हातभर अंतरावर इंचभर टाका, बस्स. कृष्णाकाठच्या घरांना बोल्टचा आणखी एक फायदा. ऑगस्ट २०१९च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी आहे ४५ फूट. चार बोल्ट काढून दोन माणसांना प्लेट माडीवर नेता येत असेल तर ते बरंच. प्लेटची कड सांगाड्याच्या बाहेर तीन-चार इंच येऊ द्यायची. नाहीतर सी-क्लॅम्पला पकडायला जागाच राहत नाही, आणि क्लॅम्प न लागणारं टेबल म्हणजे नुसती मांडणी.

अर्थची पकड कुठं लावायची, याचा विचार टेबल करतानाच झाला तर पुढची बरीच डोकेदुखी टळते. होल्डरमधून गेलेला करंट या पकडीतून मशीनकडे परत येतो. वाट कुठं अडली की आर्क फडफडते, रॉड चिकटतो. प्लेटच्या खालच्या कडेला पट्टीचा एक कान वेल्ड करावा, तो घासून लखलखीत ठेवावा आणि पकड कायम तिथंच लावावी. वरच्या अंगाला रंग कधीही देऊ नये. रंग जळतो, धूर करतो आणि करंटही अडवतो. गंज येईल, येऊ द्या. पावसाळ्यात तेलाचा हात फिरवा आणि कामाआधी पुसून टाका. टेबल आहे म्हणून ही पकड गोठ्याच्या खांबाला, नळाच्या पाईपला किंवा घराच्या सळईला लावायची वेळ येत नाही, हा मोठाच लाभ. असा भटका करंट घराच्या अर्थिंगच्या वायरीतून वाट काढू लागला तर ती वायर जाळून टाकू शकतो. ट्रॉलीवरच काम करावं लागलं तर पकड सांध्याजवळ लावावी. चाकापलीकडे लावली की करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब करतो.

मशीनची अर्थ पकड आणि घराचं अर्थिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मशीनच्या प्लगची तिसरी पिन खऱ्या अर्थिंगला गेलेली असलीच पाहिजे. माण, खटाव, जत, आटपाडीकडे उन्हाळ्यात माती कोरडी ठक्क होते आणि अर्थिंगचा खड्डा निकामी होतो. तिथं पाणी घालत राहावं लागतं. २.५ एमएमचा रॉड ७०-८० अँपिअरवर चालतो, त्याला घरचा १६ अँपिअरचा पॉइंट पुरतो. फिरकीवरची वायर अर्धी गुंडाळलेली ठेवून चालवली तर ती तापते, पूर्ण सोडावी. पाटण, जावळीच्या पावसात काम करायचं तर छपराखाली, पायात रबरी तळाचे बूट आणि पायांखाली कोरडी लाकडी फळी. चालू मशीनच्या मोकळ्या होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट असतात, आणि घामानं भिजलेल्या माणसाला तेवढे पुरेसे होतात.

टेबल मांडायचं कुठं? ठिणग्यांपासून निदान ३५ फुटांपर्यंत पेटणारं काही नको, असा अग्निसुरक्षेचा जगभरचा संकेत आहे. आपल्या वस्त्यांवर हे जमवणं अवघड. गोठ्याशेजारी कडब्याची गंजी, बांधावर उसाचं पाचट, तासगाव-कवठेमहांकाळकडे बेदाण्याच्या शेडवर हिरवी शेडनेट. फवारणीपंपाचं पेट्रोलही त्याच कोपऱ्यात ठेवलेलं. काही हलवता येत नसेल तर टेबल हलवावं, कारण ठिणगी उडून पडली की लगेच पेटतेच असं नाही. ती पाचटात धुमसत राहते. काम संपल्यावर निदान अर्धा तास तिथून उठू नये, बादलीभर पाणी आणि वाळू जवळ असावी. भिंतीला पांढरा चुना असेल तर आर्कचा उजेड तिच्यावरून उलटून येतो, म्हणून मागे मळक्या काळ्या रंगाचा पत्रा उभा करावा. शेजारची पोरं बघत उभी राहतात त्यांना आधी पिटाळावं. डोळ्याला वेल्डिंग लागलं की त्रास लगेच कळत नाही, काही तासांनी रात्री सुरू होतो. बटाट्याच्या चकत्या ठेवण्यात रात्र घालवू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

टेबलाचा मला वाटणारा सगळ्यात मोठा फायदा धुराचा आहे. जमिनीवर वाकून बसलेल्या माणसाचं तोंड बरोबर धुराच्या लोटात असतं. टेबलाशी उभं राहिलं, वारा एका कुशीवरून येईल असं वळलं, की डोकं लोटाच्या बाहेर राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला आहे. त्यात पुन्हा जुने जीआय पाईप किंवा जस्ताचा अँगल जोडायला घेतला तर पांढरा धूर निघतो, आणि रात्री थंडीताप भरतो. दूध प्यायल्यानं तो उतरतो ही समजूत चुकीची. जस्त आधी ग्राइंडरनं दोन्ही बाजूंनी इंचभर काढून टाकायचं, तेव्हाही नाकाला मास्क असावा.

टेबल झाल्यावर त्याच्यावर घण घालू नका. वाकलेलं सरळ करायला वेगळी ऐरण ठेवा, नाहीतर वर्षभरात प्लेटला खळगे पडतील. चिकटलेल्या ठिणग्यांचे मणी छिन्नीनं खरवडून काढा, ग्राइंडरनं नको. ग्राइंडर मण्याबरोबर प्लेटही खातो.

राहता राहिला पैशांचा प्रश्न, कारण दुकानदार २०० अँपिअरचं मशीन गळ्यात मारायला बसलेलाच असतो. घरी २.५ एमएमचा, फार तर ३.१५चा रॉड चालणार. त्यांना १६० अँपिअरचं मशीन पुरून उरतं. तेच घ्या आणि वाचलेले पैसे दहा एमएमच्या प्लेटमध्ये आणि चार चांगल्या सी-क्लॅम्पमध्ये घाला.